हीटमॅप काढण्याआधी: सेन्सर डेटावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

जळगाव एमआयडीसीत नव्याने लागलेली इन्स्ट्रुमेंटेशनची मुलं लॅपटॉप उघडला की आधी एकच काम करतात. एक्स्ट्रुडरचे (प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनचे) सगळे टॅग, म्हणजे सेन्सरच्या नोंदींचे कॉलम, पायथनमध्ये ओतायचे, कोरिलेशनचा (कोणते दोन टॅग सोबत हलतात त्याचा) रंगीत तक्ता म्हणजे हीटमॅप काढायचा आणि त्यात घट्ट नातं दाखवणारे लाल चौकोन शोधायचे. काढा, हरकत नाही. पण कंट्रोलरच्या ताब्यातलं मशीन हीटमॅपला सगळं सांगत नाही.

पीव्हीसी पाइपची लाइन घ्या. बॅरलचा, म्हणजे स्क्रूभोवतीच्या तापत्या नळीचा, एक झोन १८० अंशांवर सेट आहे. मे महिन्यात शेडबाहेर पारा ४४ वर गेला तरी झोनच्या ट्रेंडची रेघ सरळच, कारण पीआयडी (तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा कंट्रोलर) तिला हलूच देत नाही. साहजिकच झोनचं तापमान आणि बाहेरचं ऊन यांचं कोरिलेशन शून्याच्या आसपास येतं. उन्हाचा परिणाम होतोच, फक्त तो हीटरच्या आउटपुटमध्ये, म्हणजे हीटर किती टक्के चालतोय त्यात, जाऊन बसतो. दुपारी टक्के उतरतात, पहाटे चढतात. म्हणून प्रत्येक कंट्रोल लूपचे सेट पॉइंट (हवा तो आकडा), पीव्ही (प्रत्यक्ष मोजलेला आकडा) आणि आउटपुट हे तिन्ही टॅग सोबतच घ्यायचे. कॉलेजात पीआयडीची गणितं भरपूर सोडवली होती, पण हे मला शिफ्टवरच्या आप्पांनी शिकवलं: "तापमान काय बघतोस भाऊ, हीटर किती ओढतोय ते बघ."

मग येतो उशीर. डायपासून (जिथून पाइप आकार घेऊन बाहेर पडतो) जाडी मोजणारा गेज ९ मीटरवर आणि लाइन मिनिटाला ३ मीटर, म्हणजे आता बदललेला स्क्रूचा वेग जाडीत ३ मिनिटांनी दिसणार. मिनिटाचा डेटा असेल तर एक कॉलम ३ ओळी सरकवा, मगच तुलना करा. लाइनचा वेग बदलला की हा उशीरही बदलतो, तेव्हा मी वेळेऐवजी मीटरनेच जुळवतो.

खानदेशात ऊन हा वेगळाच सापळा. दुपारी चिलरचा अँपिअर, पॅनेलचं तापमान, कूलिंग टॉवरच्या पाण्याचं तापमान, सगळं एकदम चढतं आणि हीटमॅप लालेलाल होतो. अशा वेळी दोन टॅग एकमेकांसमोर मांडणाऱ्या स्कॅटर प्लॉटमध्ये ठिपक्यांना तासाप्रमाणे रंग द्या. फक्त दुपारी २ ते ४ चे ठिपके ठेवूनही नातं टिकलं तरच पुढे विचार करायचा. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी थंड करणारं पाणी तापलं की कंडेन्सरचा (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पडतो, तिथे मात्र नातं खरंच कारणाचं आहे.

नुसत्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच दाखवले. चारही संचांचं कोरिलेशन ०.८२ च्या जवळ, चित्रं मात्र चार तऱ्हेची.

कंपनी डेटा घरी नेऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे. सरावाला टेनेसी ईस्टमन प्रोसेस या संगणकावरच्या नमुना रासायनिक प्लांटचा डेटा घ्या, तो फुकट मिळतो. त्या प्रोसेसमध्ये ४१ मापनं आणि १२ नियंत्रणाचे टॅग आहेत. त्यात मुद्दाम घातलेल्या दोषांपैकी क्रमांक ४ मध्ये रिॲक्टरला येणारं थंड पाणी अचानक गरम होतं. आधी फक्त रिॲक्टरचं तापमान प्लॉट करा, मग त्याच्या थंड पाण्याच्या व्हॉल्व्हचा टॅग शेजारी लावा.