थंडीत परड्यातल्या कोंबड्या: खुराडं झाका, पण वरून उघडं ठेवा

दिवाळी सरते, ऊसतोड लागते, गुऱ्हाळं पेटतात आणि पहाटेचा गारठा जाणवायला लागतो. मग घरोघरी एकच काम निघतं. जुना फ्लेक्स आणायचा, खुराड्याला चारी बाजूंनी गुंडाळायचा आणि उरलेल्या फटी बारदानानं बुजवायच्या. पंधरा-वीस दिवसांत कोंबड्या घरघरायला लागतात आणि बोल लागतो थंडीला. आपल्या कोल्हापूरकडं रात्रीचा पारा साधारण 12 ते 15 अंशांवर असतो, कधी त्याखाली उतरतो. पिसं भरलेली मोठी कोंबडी एवढा गारठा सहज काढते. तिचं अंगच मुळात 41 अंशांच्या आसपास गरम असतं. तिला बाधते ती ओल, आणि कोंडलेल्या हवेतला विष्ठेचा वास.

हिशेब बघा. पंधरा कोंबड्यांची एका रात्रीची विष्ठा पाऊण किलोच्या घरात जाते आणि त्यात तीन हिस्से पाणीच असतं. श्वासाची वाफ वेगळी. ती बाहेर गेली नाही तर पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि पहाटे थेंब थेंब कोंबड्यांच्या पाठीवर पडतं. खालचा भुसा ओला होतो, त्यातून अमोनिया उठतो. तो डोळ्यांना आणि श्वासनळीला झोंबतो, आणि तिथून पुढं सर्दी, घरघर, डोळे चिकटणं हे सगळं ओळीनं येतं.

त्यामुळं पडदा लावायची एक रीत पाळा. पडदा खालच्या कडेला पक्का बांधा आणि वरच्या कडेला दोरी लावा, म्हणजे तो वरून खाली उघडेल. छताखाली एक फूटभर जाळी रात्रीसुद्धा उघडीच राहू द्या. गरम हवा आणि वाफ तिथून निघून जाते, आणि दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या अंगावर वारं येत नाही. खालून उघडणारा पडदा लावला की नेमकं उलटं होतं, वारं थेट पायांवर येतं. थंडीतलं वारं बहुतेक पूर्वेकडनं, ईशान्येकडनं येतं, म्हणून त्या बाजूचा पडदा उंच ठेवा. दक्षिणेची बाजू दिवसभर मोकळी हवी. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्याचं ऊन खुराड्यात आतपर्यंत शिरतं आणि भुसा फुकटात वाळवतं. पंचगंगा-भोगावतीच्या काठच्या गावांत धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं. तिथं पडदे सूर्य वर आल्यावरच उघडा, आणि कोंबड्याही धुकं विरल्यावर सोडा.

पत्र्यावर उसाचं वाळलेलं पाचट सहा इंच जाडीनं पसरून वरून दोरीनं आवळा. पत्रा गार पडत नाही, दव धरत नाही. पाचट आतून मात्र लावू नका, त्यात उंदीर घर करतात आणि बल्ब जवळ असला तर आगीची भीती.

आता खालचा थर. भाताचं तूस सगळ्यात चांगलं. राधानगरी, भुदरगड, आजरा भागात राइस मिलवर ते सहज मिळतं. पावसाळ्यातला जुना थर पूर्ण काढा, जमीन दोन दिवस उन्हात तापू द्या, पातळ चुना भुरभुरा आणि मग चार इंच तूस टाका. दर तीन-चार दिवसांनी दाताळ्यानं वर-खाली करा. मूठभर तूस हातात घेऊन घट्ट दाबायचं. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, तेवढा भाग काढून नवं टाका. मोकळं होऊन सुटलं तर ठीक. गुऱ्हाळावरचं ओलं चिपाड फुकट मिळतं म्हणून कुणी ते टाकतात. ते टाळाच. चरकातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं, वर साखरेचा अंश. आठवड्यात बुरशी धरते, ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि लहान पिल्लं तोंड उघडून धापा टाकत मरतात. कडकडीत वाळवून बारीक केलेलं चिपाड चालतं.

अमोनिया आहे की नाही हे उभं राहून कळत नाही. पहाटे पडदा उघडायच्या आधी आत उकिडवं बसा, नाक कोंबडीच्या उंचीला आणा आणि दहा श्वास घ्या. डोळ्यांत चुरचुरलं की समजा, कोंबड्या ते रात्रभर सोसत आहेत.

बसायची दांडीही नीट हवी. पंधरा कोंबड्यांना सहा बाय पाच फुटांचं खुराडं पुरतं. त्यात पाच-पाच फुटांच्या दोन दांड्या, जमिनीपासून दोन फुटांवर, एकमेकींपासून आणि भिंतीपासून फूटभर अंतरावर. दोन्ही एकाच उंचीला ठेवा, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणं. दांडी दोन इंच रुंद, वरून चपटी आणि कडा घासलेली लाकडी पट्टी असावी. रात्री बॅटरी मारून बघा, अशा पट्टीवर कोंबडी छाती टेकून बसते आणि पायांची बोटं पिसांखाली पूर्ण झाकली जातात. लोखंडी पाइपवर किंवा बारीक काठीवर बोटं उघडी राहतात, गार पडतात. दांडीखाली बारदान अंथरा आणि त्यावरची विष्ठा रोज सकाळी गोळा करून थेट उकिरड्यावर न्या. एवढं केलं तरी निम्मी ओल खुराड्यातनं गेली.

ऊस तुटला की आणखी एक गोष्ट होते. फडात राहणारी मुंगसं, रानमांजरं उघड्यावर पडतात आणि वस्तीकडं वळतात. साधी षटकोनी जाळी त्यांना अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा, तळाला ती फूटभर जमिनीत गाडा आणि दाराला कडीबरोबर खिळाही घाला.

चाऱ्याचं म्हणाल तर दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला थंडीत 80 ते 90 ग्रॅम, बंदिस्त असेल तर 120 ग्रॅमपर्यंत लागतं. दहा किलोचं मिश्रण असं करा: मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड दोन किलो, तांदळाचा कोंडा एक किलो, सुकट अर्धा किलो, शिंपल्याचा चुरा 800 ग्रॅम आणि खनिज मिश्रण 200 ग्रॅम. सुकटीत मीठ असतंच, वेगळं घालू नका. घरचं सोयाबीन कच्चं भरडून देणं चुकीचं. कच्च्या दाण्यातला घटक प्रथिनांचं पचन अडवतो, म्हणून दाणे खरपूस भाजूनच भरडा. नवीन मका दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा. ओलसर मक्याला आणि शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागते, तिचं विष यकृतावर बसतं. सकाळी थोडं मिश्रण, आणि दिवस मावळायच्या तासभर आधी अख्खा मका किंवा ज्वारी पोटभर. हे दाणे रात्रभर सावकाश पचतात आणि अंगात ऊब राहते. झोपताना एखाद्या कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी चाचपा, लिंबाएवढी भरलेली हवी. सकाळचं पाणी कोमट द्या. गार पाणी कमी प्यायलं जातं आणि त्यापाठोपाठ खाणंही घटतं.

अंडी कमी होतात त्याचं मोठं कारण दिवस लहान होणं. डिसेंबरअखेर कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे उजेड 11 तासांचा. अंड्यावर राहायला कोंबडीला 14 तास तरी हवेत. पाच वॅटचा एलईडी बल्ब पुरे. उजेड पहाटे वाढवा. संध्याकाळी वाढवला आणि दिवा एकदम गेला, तर कोंबड्या अंधारात दांडीपर्यंत पोचत नाहीत. पहिल्या आठवड्यात साडेसहाला, मग दर आठवड्याला अर्धा तास अलीकडं, असं करत पहाटे चारपर्यंत या. टायमर लावा, कारण आज लावला, उद्या विसरला असं झालं तर फायद्यापेक्षा त्रास जास्त. ग्रामप्रिया, वनराजा या सुधारित जातींत फरक लवकर दिसतो. अस्सल गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी देऊन खुडूक (अंडी उबवायला) बसणारच, तिच्याकडनं जास्त मागू नका. वीस आठवड्यांच्या आतल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, वाढीव उजेड नको. अंग तयार नसताना अंडं आलं तर ते अडकतं, मागचा भाग बाहेर येतो.

पिल्लं थंडीत काढायची असतील तर एक चूक आवर्जून टाळा: एलईडी बल्ब ऊब देत नाही. जुना पिवळा बल्ब लागतो, पिल्लामागं दोन वॅट धरून, म्हणजे तीस पिल्लांना साठ वॅट. पहिल्या आठवड्यात 35 अंश, नंतर दर आठवड्याला तीन अंश कमी, असं चार आठवडे. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर गारठलीत, कडेला जाऊन चोची उघडल्या तर तापलीत, सगळी एकाच कोपऱ्यात गेली तर कुठूनतरी वारं येतंय. लाईट गेली म्हणून बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका, तिच्या वायूनं पिल्लं गुपचूप मरतात. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून डालग्यात ठेवा आणि वर घोंगडं टाका, एक बाजू उघडी ठेवून.

लसीचं काम गारठा वाढायच्या आधी उरका. मानमोडीसाठी (राणीखेत) आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लस, पंखाजवळ कातडीखाली अर्धा मिली. लस टोचायच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध द्या. लस बर्फाच्या थर्मासातच आणा आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा. कुपी बहुधा शंभर कोंबड्यांची असते, म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी मिळून टोचून घेतलेलं बरं. आजारी किंवा पिसं गाळणाऱ्या कोंबडीला त्या दिवशी सोडून द्या. बाजारातनं आणलेली नवीन कोंबडी पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवा, तिचं पाण्याचं भांडंही वेगळं. हिरवी पातळ विष्ठा, वाकडी मान, लटकलेला पंख दिसला तर ती लगेच बाजूला काढा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उसाच्या सरीत टाकू नका. दोन-तीन फूट खड्ड्यात चुना घालून पुरा, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी माती वर ओढा.