नसलेला पाय दुखतो तेव्हा : या चुका टाळा

पाय कापला गेला, तरी त्याच पायाचा अंगठा ठणकतो, तळव्याची आग होते, पोटरीत गोळा येतो. घरच्यांना हे सांगायचं कसं? वेड्यात काढतील, या भीतीने कित्येकजण गप्प बसतात. सर्वांत मोठी चूक हीच. हे दुखणं खरं आहे. वीअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरांनी १८७१ मध्येच त्याला ‘फँटम’ (नसलेल्या अवयवाचा भास) हे नाव दिलं. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा राहते, आणि कापलेल्या नसांची टोकं भलतेच संदेश पाठवत राहतात.

त्यावर दुकानातून नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या आणून खात राहू नका. नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेला आरशाचा व्यायामही विचारा. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करून, चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो सावकाश हलवायचा. प्रत्येकाला गुण येतोच असं नाही, पण दोन दिवसांत सोडून देऊ नका. रोज थोडा वेळ, काही आठवडे करून बघा.

आता सॉकेटचं, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो तिचं, दुखणं. ‘सवय झाली की थांबेल’ असं म्हणत जखम होईपर्यंत चालणारे पुष्कळ. पहिले काही महिने स्टंप (कापल्यावर उरलेला पायाचा भाग) आक्रसत जातो, आणि एका दिवसातही सकाळी घट्ट बसणारं सॉकेट संध्याकाळी सैल होतं. स्टंप आत खोल जाऊन टोकाला टेकायला लागला, तर स्टंपचा एखादा मोजा वाढवा. कापूस, चिंध्या कोंबू नका. दाब एकाच जागी येऊन कातडी सोलते. कृत्रिम पाय काढल्यावर स्टंपवरची लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही, तर सॉकेट तपासून घ्या. फोड आला असेल, तर तो बरा होईपर्यंत कृत्रिम पाय घालूच नका, कितीही महत्त्वाचं काम असो. मधुमेह असेल तर रोज आरशात स्टंप बघा, कारण तिथे जखम झाली तरी अनेकदा कळत नाही.

लायनर (सॉकेटच्या आत स्टंपवर घालायचं मऊ आवरण) रोज धुवून पूर्ण वाळवा. स्टंपवर वस्तरा फिरवू नका. वेगळ्या टाचेची चप्पल घेतली, तर कृत्रिम पायाची जुळणी बिघडते, हे विसरू नका.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. ती उशी आजच काढा.

आणि रात्री झोपेतून उठताना दोन्ही पाय आहेत असंच वाटतं. माणूस पाऊल टाकतो आणि पडतो. कुबडी उशाशी ठेवा. आधी पलंगाच्या कडेला बसा, स्टंपवरून हात फिरवा, मग उठा.