उन्हाळ्यात इंग्रजी शिकवायला परदेशी जाताय? आधी या चुका टाळा

मार्च उजाडला की सोलापुरातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच जाहिरात फिरायला लागते: आठ आठवडे परदेशात इंग्रजी शिकवा, राहणं-जेवणं मोफत, अनुभवाची अट नाही. मग सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत घराघरांत खल सुरू होतो. आई म्हणते, एकटी कशी जाणार? बाबा विचारतात, पैसे किती? तोवर लेकीनं नोंदणीची रक्कम फोनवरून भरूनही टाकलेली असते. जायचं की नाही, हे ठरवताना दरवर्षी होणाऱ्या चुकांचा हा पाढा.

व्हिसा कोणता, हे शेवटी विचारणं

याइतकी महाग चूक दुसरी नाही. देश कोणता, फोटो कसे येतील, सोबत कोण आहे, हे सगळं विचारून होतं आणि व्हिसाचं "ते एजंट बघतोय". पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: मी कोणत्या प्रकारच्या व्हिसावर जाणार आणि त्या व्हिसावर शिकवायची परवानगी आहे का? उत्तरादाखल "त्याचं टेन्शन घेऊ नका" असं आलं, तर चहा तसाच ठेवून उठलात तरी चालेल.

देशागणिक नियम वेगळे आहेत आणि भारतीय पासपोर्टला ते बरेचदा आडवे येतात. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा ई-टू व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक करार 2010 मध्ये लागू झाला, त्यातून आपल्यासाठी एक वाट निघते. पण ती शिक्षकी पात्रता असलेल्या पदवीधरांची आहे, एस.वाय.च्या मुलांची नाही. जपानमध्ये शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी, जी परकी भाषा शिकवायची त्याच भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी आणि बी.एस्सी. इंग्रजीतून, म्हणजे भरतात पाच वर्षं. चीननं जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं घातली, सुट्ट्यांमधल्या वर्गांवरसुद्धा. त्यामुळे तिथल्या 'समर इंग्लिश'ची जाहिरात दिसली तर दुप्पट चौकशी करा. थायलंडमध्ये पगार मिळत नसला तरी वर्गावर शिकवणं हे कामच धरतात आणि त्याला वर्क परमिट लागतं. परमिट नसताना सापडल्यास 5,000 ते 50,000 बाट दंड आणि परत पाठवणी.

विजापूर रोडकडच्या बी.कॉम.च्या एका मुलाचं प्रकरण यात नीट कळतं. बँकॉकजवळच्या शाळेत सुट्टीतलं शिबिर, कार्यक्रमाची फी सत्तर हजार, तिकीट वेगळं. एजंटाचा सल्ला: पर्यटक म्हणून शिरायचं, पुढचं शाळा बघेल. विमानतळावर अधिकाऱ्यानं नेहमीचेच प्रश्न विचारले. कशासाठी आलात, कुठं राहणार, परत कधी? पोरगं सरळ होतं. बॅगेतली फाइल काढून त्यानं शाळेचं पत्रच पुढं केलं. त्यावर त्याचं नाव, वर्गांचं वेळापत्रक आणि 'इंग्लिश टीचर' हे शब्द. एका खोलीत बसवून त्याला पुढच्या विमानानं परत पाठवलं. एजंटाकडं पैसे मागायला गेल्यावर त्याला ऐकायला मिळालं, "तू फिरायला आलोय म्हणायचं होतंस ना!" म्हणजे खोटं बोलणं त्या सत्तर हजारांत धरलेलंच होतं, फक्त ते पोराला कुणी सांगितलं नव्हतं. पावती काढून पाहिली तर तिच्यावर 'मार्गदर्शन शुल्क'. मार्गदर्शन झालं होतं, परतावा कसला?

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी सक्तीची आहे. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादाही आहे. हे माहीत असल्यामुळेच पुष्कळ जण 'नोकरी' शब्द तोंडातून काढत नाहीत. 'व्हॉलंटिअर' म्हटलं की पगारही नको आणि नोंदणीही नको. खरे स्वयंसेवी कार्यक्रम असतात, चांगले असतात. पण त्यांचं पत्र वाचलं की यजमान संस्था कोण, वर्ग किती आणि व्हिसा कोणता, हे पहिल्या पानावरच कळतं.

आपला उन्हाळा आणि त्यांचा उन्हाळा

थायलंडची मोठी सुट्टी साधारण मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन आपल्या परीक्षांत. युरोप, कोरिया, जपानकडची उन्हाळी शिबिरं जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे आपलं नवं सत्र सुरू झाल्यावर. आपली हक्काची मोकळीक परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, तीही पेपर पुढं ढकलले नाहीत तर. विद्यापीठाचं वेळापत्रक आणि शिबिराच्या तारखा एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. 75 टक्के हजेरीचं गणित तिथंच उलगडतं. "सर सांभाळून घेतील" हे गणित नव्हे.

कागद जमवायला उशीर, आणि त्यातली नावं

ज्या कार्यक्रमांना पदवी लागते, तिथं मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं. मेमध्ये शेवटचा पेपर देऊन जुलैत निघणाऱ्यांकडं ते नसतं, कारण ते दीक्षान्त समारंभानंतर हातात येतं. गुणपत्रिका आणि पासिंग सर्टिफिकेटवर बहुतेक ठिकाणी भागत नाही. 2004 मध्ये सोलापूरचं विद्यापीठ झालं, त्याआधी इथली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाकडं होती. म्हणजे शिक्षिका म्हणून सुट्टीत जाऊ पाहणाऱ्या थोरल्या ताईंना पडताळणीसाठी कोल्हापूर गाठावं लागू शकतं.

खरा घोळ नावांचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आधारवर कधी वडिलांचं नाव गायब. लग्न झालेलं असेल तर आणखी एक नाव. त्यात आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड आडनावं भरपूर. शाळेच्या कारकुनानं ती कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत उतरवलेली, त्यामुळे दहावीला एक 'एच' जास्त आणि पदवीला एक 'ए' कमी. आपल्याकडं याला कुणी हरकत घेत नाही. परदेशी दूतावासाच्या टेबलावर मात्र हे दोन वेगळे इसम ठरतात.

उपाय साधा आहे, पण करत कुणी नाही. सगळे कागद जमिनीवर पसरा. पासपोर्ट हा मूळ धरा आणि पेन्सिल घेऊन बाकीच्या प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर आधी दुरुस्ती, ती होत नसेल तर शपथपत्र आणि सरकारी राजपत्रातली (गॅझेट) नोंद. अर्ज त्यानंतरच. पासपोर्टच नसेल तर आधी तो काढा. सोलापूर पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं, साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये, आणि पोलीस पडताळणीला लागायचा तो वेळ लागतोच. पदवीवर अपोस्टिल (परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) लागणार असेल, तर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालयाची स्वतःची फी एका कागदाला 50 रुपये आहे. मधले लोक हजारो मागतात तेव्हा हा आकडा माहीत असलेला बरा.

मला इंग्रजी येतं, म्हणजे शिकवता येतं

येत नाही. चाळीस मिनिटं, पंचवीस पोरं, मराठी बंद. पहिली सात मिनिटं 'हॅलो' आणि नावं सांगण्यात जातात, मग नवखा शिक्षक 'अंडरस्टँड?' विचारतो आणि सगळी पोरं 'येस' म्हणतात. पुढची तेहेतीस मिनिटं काय करायचं, हे त्याच्याकडं नसतं.

याची चाचणी घ्यायला सोलापूरसारखं गाव नाही. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी लहान मुलं आहेत. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर अशा सात-आठ वर्षांच्या दहा मुलांना जमवा आणि मराठीचा एक शब्द न वापरता 'अंडर', 'ऑन' आणि 'बिहाइंड' शिकवा. साहित्य म्हणून एक खुर्ची आणि एक टोपी पुरे. आधी तुम्ही टोपी ठेवायची आणि बोलायचं, मग तुम्ही बोलायचं आणि मुलांनी ठेवायची, शेवटी एका मुलानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ठेवायची. असे सलग चार शनिवार झाल्यावर पाचव्यालाही जावंसं वाटलं तर परदेशचा फॉर्म भरा. दुसऱ्याच शनिवारी कंटाळा आला तर तिकिटाचे पैसे वाचले.

सवलतीत मिळणारं, इंग्रजी शिकवण्याचं '120 तासांचं' ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन घाई करणाऱ्यांबद्दल काय बोलावं! त्यात खऱ्या मुलांसमोर एक मिनिटही उभं राहावं लागत नाही. सेल्टासारख्या (इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र) अभ्यासक्रमात निदान सहा तास परीक्षकासमोर प्रत्यक्ष शिकवावं लागतं, म्हणून तो महाग आहे आणि म्हणून त्याला किंमत आहे.

किरकोळ, पण नडणाऱ्या

'मोफत'चा हिशेब पूर्ण करा: विमान, व्हिसा, विमा, कागदपत्रं आणि व्हिसासाठी मुंबईच्या खेपा. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली तरी दिवस मोडतोच. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा आणि अर्ज प्रवासाच्या निदान 15 दिवस आधी. पर्यटक म्हणून काढलेल्या त्या व्हिसावर पगारी काम चालत नाही.

पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरू द्या.

पहिल्यांदाच जाताय आणि बजेट तोकडं आहे? नेपाळचा विचार करा, आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही. फक्त विमानानं जाताना आधार चालेल असं धरून जाऊ नका, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा.

कडक भाकरी खुशाल न्या. शेंगा चटणीचं मात्र आधी विचारा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांमुळे अनेक शिबिरांत दाण्याचा पदार्थ आणायलाच बंदी असते. चटणीचा हात एखाद्या पोराच्या वहीला लागणंसुद्धा तिथं गंभीर प्रकरण होतं.

आणि पैसे परत मिळण्याची अट: 'व्हिसा नाकारला गेल्यास किती टक्के आणि किती दिवसांत', हे वाक्य करारात आकड्यांसह नसेल तर ते लिहून घ्या. लिहून देत नसतील तर भरू नका.