विस्कळीत बिलांतून गाडीची सर्व्हिस हिस्टरी जुळवताना

आधी प्रत्येक बिलावरचा चॅसी नंबर गाडीशी ताडून पाहिला. मग बिलं तारखेप्रमाणे लावून शेजारी किलोमीटर लिहिले. आकडा कुठे मागे गेला, तर बहुधा मीटर बदललाय किंवा फिरवलाय. टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणारा डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडेही बघा: २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ‘नवे टायर’ किती जुने, ते तिथेच कळतं.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा रबरी पट्टा. त्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरायचं. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. रबर वयानेही संपतं, म्हणून कमी पळालेल्या गाडीलाही सूट नाही.

थर्मल कागदाची बिलं पुसट होतात. त्यांचे फोटो लगेच काढले. वहीत तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर, ऑइलचा ग्रेड.