दहाव्याला कावळा शिवेना, तर

आमच्या वाडीत कुणाचं दहावं असलं की आदल्या रात्री मला हाक येते. विधी भटजी सांगतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरच्यांच्या सोबत उभं राहणं हे माझं काम. मालवणच्या खाडीकाठी कितीतरी जणांसाठी उभा राहिलोय, म्हणून लिहितो.

जागा जेटीपासून लांब धरा. सकाळी मासळी उतरते तिथले कावळे पोट भरून बसलेले असतात, भाताच्या पिंडाकडे ढुंकूनही बघत नाहीत. हे सांगितलं की काहींना वाटतं, याची श्रद्धा कमी. माझी श्रद्धा पक्की आहे. पण गेलेल्या माणसाची वाट आपण मोकळी ठेवायला नको?

पिंड उघड्यावर, दर्भावर ठेवा आणि सगळ्यांनी वीसेक पावलं मागे या. एकाने कुत्र्यांवर लक्ष ठेवावं. मोबाइल खिशात.

कावळा माडावर बसून राहिला, खाली उतरेना, तर गेलेल्या माणसाचं काहीतरी मागे राहिलंय असं आम्ही धरतो. मग जवळच्या माणसाने पुढे होऊन, हात जोडून, मोठ्याने शब्द द्यायचा. माझा भाचा परलोकविद्येची पुस्तकं वाचतो. त्याने सांगितलं, फ्रान्समध्ये अॅलन कार्देकने 1857 साली आत्म्यांना प्रश्न विचारून मिळालेली उत्तरं छापली; देह गेला तरी आत्मा उरतो, पुन्हा जन्म घेतो आणि माध्यम झालेल्या माणसाच्या तोंडून बोलतो, असं ते लोक मानतात. ब्राझीलमध्ये त्यांचे लाखो अनुयायी आहेत. आमच्याकडे माध्यम नसतं. मागे काय राहिलं ते आपल्यालाच आठवावं लागतं, आणि ते फार जड जातं.

माझ्या बाबांच्या दहाव्याला आम्ही भावांनी सगळं बोलून बघितलं. आईला सांभाळू, काजूची बाग विकणार नाही, धाकटीचं लग्न करू. तासभर कावळा हलला नाही. शेवटी घरी आईला फोन लावला. ती म्हणाली, "रे, पाडेल्याचे दोन दिसांचे पैसे देवचे रवलेत." आजारपणाच्या आधी बाबांनी त्या पाडेल्याकडून नारळ पाडून घेतले होते. मी पुढे गेलो, म्हटलं, "बाबानू, तेचे पैसे मी आजच देतंय." माघारी वळलो तोवर मागे पंखांचा आवाज झाला. चोच मारलेला तो पिंड आजही डोळ्यांसमोर आहे: वरचे तीळ विस्कटलेले, एका बाजूला खळगा.

म्हणून जमीन, लग्न, वाटण्या यांच्या आधी बारीकसारीक देणी आठवा. घरच्या बायकांना विचारा, त्या काठावर नसतात पण त्यांनाच ठाऊक असतं. आणि पाळता येईल तेवढाच शब्द द्या.

ऊन चढलं, तरी शिवला नाही, तर भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. यात कमीपणा मानू नका, घरच्यांना दोष तर मुळीच देऊ नका. पिंड पाण्यात सोडा, आंघोळ करा. दिलेला शब्द मात्र त्याच दिवशी हातावेगळा करायला घ्या. मी ओल्या पंचानिशी आधी पाडेल्याच्या दारात गेलो होतो.