बीसीआय (मेंदू आणि संगणकाची थेट जोडणी) आणि असिस्टिव्ह (अपंगांना मदत करणाऱ्या) रोबोटमध्ये यायचंय? मग आधी टोपी लावा

इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्सची मुलं मला नेहमी विचारतात की मेंदूने चालणारे रोबोट करायचेत तर डीप लर्निंगचा कुठला कोर्स करू. माझं म्हणणं, कोर्स नंतर करा, आधी कुठल्यातरी लॅबमध्ये जाऊन ईईजीची, म्हणजे डोक्यावरून मेंदूचे विद्युत सिग्नल टिपणारी, टोपी स्वतःच्या डोक्यावर लावून घ्या. केस बाजूला करून इलेक्ट्रोडखाली जेल भरायचं, इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) खाली येईपर्यंत एकेक इलेक्ट्रोड परत बघायचा, यातच बराच वेळ जातो. मग स्क्रीनवर बघा, पापणी लवली की कपाळाजवळच्या चॅनलवर केवढा मोठा उंचवटा येतो आणि दात आवळले तर सगळंच काळं होतं, आपल्याला हवा तो सिग्नल मात्र जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. त्यात आपल्याकडे लाइटचा ५० हर्ट्झचा हम असतोच, तेव्हा लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा.

हात हलवायचा नुसता विचार केला तरी मेंदूच्या हालचालीच्या भागातली ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय दबते, उजव्या हातासाठी डावीकडच्या सी३ इलेक्ट्रोडपाशी, डाव्यासाठी उजवीकडच्या सी४ पाशी. मोटर इमेजरीचा, म्हणजे हालचालीच्या नुसत्या कल्पनेवर चालणाऱ्या बीसीआयचा, सगळा डोलारा यावर उभा आहे. घरी शिकायला बीसीआय कॉम्पिटिशन ४ चा २ए डेटा फुकट मिळतो, ९ जण, २२ ईईजी चॅनल, आणि डावा हात, उजवा हात, पाय, जीभ हलवायची कल्पना. एमएनई-पायथन या ईईजीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत आधी सीएसपी (दोन कल्पनांमधला फरक ठळक करणारे फिल्टर) आणि एलडीए (सिग्नल कुठल्या गटातला ते ठरवायची साधी पद्धत) लावून बघा, लगेच न्यूरल नेटवर्ककडे पळू नका, आणि प्रत्येक माणसाचा निकाल वेगळा काढा कारण तोच कोड एकाला मस्त चालतो आणि दुसऱ्याला जवळजवळ चालतच नाही. सरासरीत हे सगळं लपतं.

आता रोबोटचं. २०१२ मध्ये ब्रेनगेट या मेंदूत चिप बसवून संशोधन करणाऱ्या टीमने नेचर या नियतकालिकात छापलेलं काम नक्की वाचा, स्ट्रोकमुळे जवळपास १५ वर्षं हातपाय न हललेल्या बाईंनी रोबोटिक हाताने बाटली उचलून स्ट्रॉने कॉफी प्यायली. त्यांच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडची चिप होती, म्हणजे सिग्नल आपल्या टोपीपेक्षा कितीतरी चांगला, आणि तरीही त्या हात फक्त टेबलाच्या पातळीवर मागेपुढे-आजूबाजूला नेत होत्या, बाटली पकडणं, उचलणं, तोंडाकडे वळवणं हे आधीच ठरवून दिलेलं होतं, त्यांनी मूठ आवळायचा विचार केला की पुढची पायरी सुरू. माझ्या मते नवीन माणसाने शिकायची खरी गोष्ट हीच आहे, कुठे जायचं ते माणूस सांगेल, कसं जायचं ते रोबोट बघेल. म्हणून आरओएस (रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि गॅझेबो (रोबोटचा सिम्युलेटर) शिका, कॅमेऱ्याने वस्तू ओळखणं शिका, आणि थांबायची कमांड सगळ्यात आधी पक्की करा. चुकून हात पुढे गेला तर समोरचा माणूस बाजूला सरकू शकत नाही हो!

आणि फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याशी बोला. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, ही मंडळी रोज हेच काम करतात. मानेखाली संवेदना नसलेल्या एका काकांना मी विचारलं रोबोटने काय करावं, मला वाटलं जेवण म्हणतील, तर ते म्हणाले नाकाला खाज आली की खाजवता आलं पाहिजे, दरवेळी बायकोला हाक मारायला नको. माझ्या प्रोजेक्टचं टास्क त्या दिवशी बदललं.

रुग्णांसोबत काम करायचं असेल तर ईथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच सेमिस्टरला टाका, संमतीपत्र मराठीतही हवं, आणि ज्यांना सहीच करता येत नाही त्यांची संमती साक्षीदारासमोर कशी घ्यायची ते कमिटीला आधीच विचारून ठेवा.