एसीएल ऑपरेशननंतर जिना उतरताना गुडघा दगा देत होता: माझा अनुभव

एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला लिगामेंट (हाडं जोडणारा बंध), नव्यानं बसवण्याच्या ऑपरेशनला साडेचार महिने झाले होते. सपाटीवर चालणं ठीक, पण जिना उतरताना गुडघा लटकन वाकायचा. सूज नाही, दुखणंही नाही. नवा लिगामेंट तुटला या धास्तीनं झोप उडाली होती.

आधी ब्रेस लावला, मग सायकलिंग वाढवलं. व्यर्थ.

सर्जननी लॅकमन तपासणी केली (नडगी पुढे ओढून लिगामेंट ढिला आहे का ते पाहतात), ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला नवा लिगामेंट, घट्ट होता. खरी गोम फिजिओथेरपिस्टनी दाखवली. पालथं झोपवून पाय पलंगाबाहेर सोडायला लावले, तर ऑपरेशनच्या पायाची टाच दुसरीपेक्षा दोन बोटं वर! गुडघा पूर्ण सरळच होत नव्हता, त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू (क्वाड्रिसेप्स) शेवटपर्यंत आवळत नव्हता.

मग क्रम असा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, 10 मिनिटं, दिवसातून तीनदा. लगेच त्याच स्थितीत मांडी आवळून 10 सेकंद धरायची, 10 वेळा. गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. दोन्ही टाचा समान पातळीवर आल्यावर सरळ पाय उचलणं, गुडघा जराही न वाकवता. ते जमल्यावरच 10 सेंटिमीटरच्या पाटावरून एका पायावर तीन सेकंदांत खाली उतरणं, आरशासमोर, कारण गुडघा आत झुकतो ते आपल्याला कळतच नाही. मी इथे घाई केली आणि आठवडा मागे गेलो.

हे व्यायाम सुरू केल्यापासून सातव्या आठवड्यात कठडा न धरता जिना उतरलो. मात्र गुडघा सटकून सूज येत असेल, तर आधी सर्जनला दाखवा, व्यायाम नंतर.